३० पिनांचा ईएसपी३२ डेव्हकिट : बोर्ड घ्या, पण ‘व्हीआयएन’ला १२ व्होल्ट देऊ नका

चारशे रुपयांच्या आसपास मिळणारा, कुठल्याही ब्रँडचं नाव नसलेला ३० पिनांचा ईएसपी३२ डेव्हकिट, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या ईएसपी३२ चिपचा तयार बोर्ड, घ्यावा का? घ्यावा. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, वायफाय, ब्लूटूथ, शिवाय आर्डुइनो आयडीईत (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) बिनतक्रार चालतो. या पैशांत आणखी काय हवं? तक्रार बहुतेक वेळा एकच असते, “चिप तापते.” आणि गंमत म्हणजे तापणारा भाग पुष्कळदा चिप नसतोच.

आधी चटका नेमका कुठे बसतोय ते बघा. चकचकीत पत्र्याच्या झाकणाखाली असतो तो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे खरी चिप; झाकणासकट त्या भागाला मोड्यूल म्हणतात. त्याच बोर्डावर एका बाजूला तीन पाय आणि दुसऱ्या बाजूला एक रुंद पत्री असलेला काळा तुकडा दिसेल. तो एएमएस१११७, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवून ३.३ व्होल्ट बनवणारा लीनिअर रेग्युलेटर. बोर्ड इतका लहान की याची उष्णता तांब्यातून थेट झाकणापर्यंत पोचते आणि आळ चिपवर येतो. बोटाने फरक कळत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पातळ फासा. जिथलं आधी उडेल, तिथे उगम. (तापलेलं सोल्डरिंग आयर्न तेवढं लांब ठेवा, हे पेट घेतं.)

आता खरा दोष. विक्रीच्या माहितीत ‘व्हीआयएन’ या वीज घेणाऱ्या पिनेसाठी ‘इनपुट ७ ते १२ व्होल्ट’ असं सर्रास छापलेलं असतं. रेग्युलेटर १५ व्होल्टपर्यंत सोसतो, त्यामुळे ते धडधडीत खोटं म्हणता येत नाही. पण हिशोब करा. वायफाय चालू असताना बोर्ड साधारण १०० मिलिअँपिअर घेतो. १२ मधून ३.३ वजा केले की उरतात ८.७ व्होल्ट, म्हणजे ०.८७ वॅट नुसती उष्णता. आजूबाजूला तांबं कमी असेल तर हा तुकडा दर वॅटला सुमारे ९० अंशांनी चढतो, म्हणजे इथे ७८ अंश. मे महिन्यातली ३८ अंशांची खोली धरली तर आतलं तापमान ११६, आणि त्याची मर्यादा १२५. वायफाय प्रक्षेपणाच्या क्षणी प्रवाह २४० मिलिअँपिअरपर्यंत उसळतो, ते वेगळंच. तोच हिशोब ५ व्होल्टला केला तर वाढ जेमतेम १५ अंश. म्हणून १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरायचाच असेल तर मध्ये एमपी१५८४ किंवा एलएम२५९६चं बक मोड्यूल (फारशी उष्णता न करता व्होल्ट उतरवणारी छोटी पट्टी) टाका. बोर्ड जोडण्याआधी मल्टीमीटर लावून त्याचा स्क्रू फिरवा आणि ५.० व्होल्ट आणा; दुकानातून ते कितीवर सेट होऊन येईल याचा भरवसा नसतो.

रेग्युलेटर थंड आणि झाकणच तापतंय, असं असेल तर सगळी वायरिंग काढा. सेन्सर, रिले, डिस्प्ले काही नको, बोर्ड ब्रेडबोर्डवरूनही उचला. रिकामा स्केच (प्रोग्रॅम) चढवा आणि यूएसबी मीटरवर प्रवाह बघा. रेडिओ (वायफाय-ब्लूटूथ) बंद असताना शंभराच्या आतले मिलिअँपिअर ठीक. २५०-३०० वर अडून बसला तर हार्डवेअर बिघडलंय. ३.३च्या पिनेवर ३.२५ ते ३.३५ व्होल्ट हवेत. ३.६च्या वर दिसले की क्षणात पुरवठा तोडा, रेग्युलेटर आरपार शॉर्ट झालाय आणि चिप भाजायच्या बेतात आहे. पुरवठा काढून ३.३ ते ग्राउंड रोध मोजा. दोनचार ओहम आले तर आधी भिंगाखाली सोल्डरचा पूल शोधा. तो नसेल तर रेग्युलेटर उचकटा आणि बेंच सप्लायवरून थेट ३.३ व्होल्ट द्या, प्रवाहाची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, यूएसबी काढलेली. तरीही झाकण तापलं तर मोड्यूल गेलं. त्याच्यावर वेळ घालवू नका.

मोड्यूल जातं ते बहुधा ३.३ व्होल्टच्या सिग्नल पिनेवर ५ व्होल्ट घुसल्याने. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरचा एको पाय हा नेहमीचा गुन्हेगार. तिथे १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रोधकांचा व्होल्टेज विभाजक लावला की ३.३३ व्होल्ट मिळतात. रिलेची कॉइल थेट पिनेवर, डायोडशिवाय, हा दुसरा. अशा मारातून वाचलेली चिप प्रोग्रॅम चालवते, एखादी पिन मेलेली असते आणि अंग कायम गरम. ती पंपाच्या स्टार्टरवर तर मुळीच लावू नये.

बोर्ड धडधाकट असून नुसता ऊबदार असेल तर टूल्स मेनूत सीपीयू फ्रिक्वेन्सी २४०वरून ८० करा. वायफायला तेवढी पुरते. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (बोर्ड स्वतःच वायफाय नेटवर्क पुरवतो तेव्हा) रेडिओ झोपत नाही, तिथे थोडं तापणारच. चिपमधल्या तापमान सेन्सरवर विसंबू नका. ५३.३३ हाच आकडा हलेना, तर तो सेन्सर काहीच मोजत नाहीये.

बॅटरीवर चालवायला मात्र हा बोर्ड कामाचा नाही. गाढ झोपेत (डीप स्लीप) चिप १० मायक्रोअँपिअरवर येते, पण रेग्युलेटरच सुमारे ५ मिलिअँपिअर खात बसतो. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल जेमतेम तीन आठवडे पुरेल, लाल एलईडी त्यातही वाटेकरी.

बोर्डावरची यूएसबी जोडणीची चिप सीपी२१०२ असो वा सीएच३४०, तापण्याशी त्याचा संबंध नाही. उगाच जास्त पैसे मोजू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत घेत असाल तर काउंटरवरच मल्टीमीटर मागून ३.३ ते ग्राउंड रोध बघा, मग यूएसबी लावून मिनिटभर थांबा. रेग्युलेटरवर बोट टेकवता येत नसेल तर दुसरा नग काढायला सांगा.