शाळेशी वाद चाललाय? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या पालक सल्ला केंद्राचा आमचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक कशाला कापला ते पुढं येईलच.

आमची मुलगी सहावीत. डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला अवघड जातं, लिहायलाही लई वेळ लागतो. तोंडी विचारा, पन्हाळ्याच्या वेढ्यापासून पावनखिंडीपर्यंत सगळं घडाघडा सांगेल, पण पेपरात अर्धे प्रश्न कोरे. शाळेचं (नाव घेत नाही, मुलगी अजून तिथंच शिकते) उत्तर ठरलेलं, सवलत दहावीला असते सहावीला नाही, आणि जमत नसेल तर दुसरी शाळा बघा, दाखला लगेच देतो. माझं डोकं एवढं फिरलेलं की ओळखीच्या पुढाऱ्याला घेऊनच शाळेत जायचं ठरवलेलं, तेवढ्यात मिसेसच्या मैत्रिणीनं या केंद्राबद्दल सांगितलं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक मॅडम, पूर्वी स्पेशल टीचर होत्या. पहिली भेट फुकट. मी शाळेच्या तक्रारींची यादी घेऊन गेलेलो, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि पोरीच्या वह्या मागितल्या. एकेक पान बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे बघा, घरी लिहिलेलं पूर्ण आहे, वर्गातलं प्रत्येक पान मधेच तुटतंय. हिचं उतरवून व्हायच्या आत फळा पुसला जातोय." वर्षभर आम्ही त्याच वह्या बघत होतो हो, आणि "अपूर्ण" हा लाल शेरासुद्धा. पण असं कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

मग अर्ज. मी लिहिलेल्या अर्जात "अन्याय" तीनदा होता, तिन्ही खोडले. त्याऐवजी एका पानात सरळ मागण्या, फळ्यावरच्या मजकुराची झेरॉक्स द्या, चाचणीत तासाला वीस मिनिटं जादा द्या, प्रश्न वाचून दाखवा, स्पेलिंगचे मार्क कापू नका. आणि शेवटी एक ओळ, "नकार असल्यास कारणासह लेखी कळवावे." ही ओळ म्हणजे त्या मॅडमचं खरं हत्यार. तोंडी "नाही" म्हणायला कुणाचं काय जातंय, पण लेटरहेडवर सहीशिक्क्यासकट "नाही" लिहायची वेळ आली की मुख्याध्यापकसुद्धा आधी संस्थेत फोन लावतात. शाळेच्या ऑफिसमध्ये पोच देईनात म्हणून मॅडमनीच सांगितल्याप्रमाणं स्पीड पोस्टानं टाकला, मग आठवड्यात मीटिंगचा निरोप आला.

कायदा मॅडमना चांगला माहीत आहे आणि उगाच फुगवून सांगत नाहीत, हे मला जास्त आवडलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांची यादी आहे त्यात शिकण्यातली अडचण म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी पण येते, डिस्लेक्सिया त्यातच. त्याच्या कलम 16 मध्ये मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणं सोय करावी असं आहे, तिथं दहावीची अट नाही. पण त्याच कलमाची सुरुवात "प्रयत्न करावा" अशा भाषेत आहे, त्यामुळं कायदा टेबलावर आपटून काही होत नाही हेही त्यांनीच सांगितलं. दाखल्याबद्दल मात्र एकदम ठाम. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणून काही शाळा पालकांकडूनच "स्वखुशीनं दाखला मागत आहे" असं लिहून घेतात. कशावरही सही करायची नाही, मीटिंगमध्ये गोड बोलून चहा दिला तरी. आम्हाला चहा दिलाच! (1917 ला शाहू महाराजांनी शाळा सक्तीची केली तेव्हा पोराला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता, आता पालक पाठवतोय आणि शाळाच नको म्हणतेय, काय बोलायचं.)

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडं स्पेशल एज्युकेशनच्या मुलाचा आयईपी म्हणजे लेखी प्लॅन कायद्यानंच बनतो, शाळेचं नि पालकांचं पटलं नाही तर राज्याकडून फुकटात मध्यस्थ मिळतो, तरी मिटलं नाही तर रीतसर सुनावणी. आपल्याकडं शाळा आणि पुण्यात बसणारे राज्याचे दिव्यांग आयुक्त यांच्या मधली जागा बरीचशी मोकळीच आहे, म्हणून असली माणसं लागतात. आयुक्तांकडं जायचा रस्ता मॅडमनी समजावून ठेवलाय, आयुक्तांनी शिफारस केली की संबंधितांनी काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. पण आधी शाळा, मग शिक्षणाधिकारी, आणि प्रत्येक पायरीचा कागद फाईलला, असा मॅडमचा हट्ट.

मीटिंगमध्ये निकाल अर्धा लागला. झेरॉक्स आणि जादा वेळ मिळाला, वाचून दाखवायला "शिक्षक कमी आहेत" म्हणून अजून टोलवाटोलवी चालू आहे. दिव्यांगत्वाच्या सरकारी सर्टिफिकेटचं काम पण बाकी आहे, सीपीआर या सरकारी दवाखान्यात कुठं नि काय विचारायचं ते मॅडमनी लिहून दिलंय, आणि चौदाव्या वर्षी परत तपासणी लागते तेही आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर ऐन नववी-दहावीत धावपळ.

आता कापलेला स्टार. केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दिव्यांग मुलांच्या पालकांचं केंद्र आणि व्हीलचेअरवालं पोरगं वर जाऊच शकत नाही, हे मी त्यांना तोंडावर बोललो, त्या म्हणाल्या जागा शोधतोय. व्हॉट्सॲपला उत्तर दोन-दोन दिवस येत नाही. दुसऱ्या भेटीपासून पाचशे रुपये आहेत, ते पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. आणि त्या शाळेत सोबत येत नाहीत, बोलायचं आपणच. आमच्या समोरच एक गृहस्थ यावरून चिडून निघून गेले. ज्याला शाळेला धडा शिकवायचाय त्याला हे सगळं मिळमिळीत वाटणार, त्यानं सरळ वकील गाठावा.

फोन संध्याकाळी पाचनंतरच उचलतात. जाताना वह्या न्या, फक्त प्रगतिपुस्तक नेऊन काही होत नाही. गाडी लांब लावा, खाली जागा नाही.