आठ महिने डच शिकतेय: ॲपने काय दिलं, मराठीने काय दिलं

नेदरलँड्समधल्या आम्स्टेलव्हेनला राहायला आले त्याच आठवड्यात मी ॲपवर नवशिक्यांचा डच कोर्स सुरू केला. आठ महिने झाले, रोज अर्धा तास करते. शब्द आणि उच्चार यांसाठी तो उत्तम आहे. घशातून खरवडून काढायचा 'ख' मला त्यानेच शिकवला. व्याकरणात मात्र तो कमी पडतो, कारण सगळं इंग्रजीतून समजावतो. इंग्रजीने मला जिथे जिथे अडवलं, तिथे मराठीने वाट दाखवली.

दातांच्या डॉक्टरांकडून फोनवर 'हाल्फ द्री' ही वेळ मिळाली. इंग्रजीतल्या 'हाफ थ्री'च्या सवयीने मी साडेतीन समजले आणि तासभर उशिरा पोचले. 'हाल्फ द्री' म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, म्हणजे अडीच! आपला 'अडीच'सुद्धा संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरूनच आलाय. आकड्यांचंही तसंच. २४ म्हणजे 'फीर-एन-त्विंतख', चार आणि वीस. आपल्या चोवीसमध्येही चार आधीच येतो.

वाक्यरचनेत तर फारच मदत झाली. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी: 'इक वोन इन आम्स्टेलव्हेन'. पण 'ओमदात', म्हणजे 'कारण', आलं की ते शेवटी जातं: 'ओमदात इक इन आम्स्टेलव्हेन वोन'. कारण मी आम्स्टेलव्हेनमध्ये राहते. शब्दांचा क्रम अगदी आपलाच!

'द' आणि 'हेत' मात्र पाठच करावे लागतात. नामाआधी लागणारे हे शब्द इंग्रजी 'the'सारखे; नपुंसकलिंगी नामाला 'हेत', बाकीच्यांना 'द'. घर, पुस्तक, मूल, पाणी हे सगळे आपल्याकडे 'ते' आणि डचमध्येही 'हेत', म्हणून मी खूश झाले होते. मग 'हेत मैश्ये' भेटलं. मुलगी, आणि तीही नपुंसकलिंगी, कारण शेवटी '-ये' हा लघुत्वाचा प्रत्यय आहे. तो लागला की हमखास 'हेत'. अनेकवचनात मात्र सरसकट 'द'. ॲप सुटे शब्द देतं, तेव्हा प्रत्येक नाम वहीत 'द' किंवा 'हेत'सकट लिहून ठेवा. मी पहिले दोन महिने लिहिलं नाही आणि ते सगळे शब्द पुन्हा पाठ करावे लागले.

बोलायचा सराव ॲपमध्ये नाहीच म्हणा. तो मी बेकरीत करते. मागच्या शनिवारी म्हटलं, 'एन हाल्फ फोल्कोरेन, खेस्नेडेन, आल्स्त्युब्लीफ्त'. गव्हाचा अर्धा ब्रेड, कापून. एरवी माझा उच्चार ऐकून इंग्रजीवर येणाऱ्या बाईंनी या वेळी डचमध्येच विचारलं, 'अन्डर्स नोख इट्स?' आणखी काही?

'नेय, दात वास हेत,' मी म्हटलं. नाही, एवढंच.