हँडब्रेक काही महिने वापरल्यावर: सगळं ठीक, फक्त फुगडीकडे लक्ष द्या

लॅपटॉपला लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह गेल्या आठवड्यात आचके देऊ लागला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "मॅडम, ड्राइव्ह ठीक आहे, तुमची डिस्कच खराब आहे." तीच डिस्क दिराच्या जुन्या डेस्कटॉपवर मुकाट चालली. वॉरंटीचं भांडण चालू आहे, त्यावर वेगळं लिहीन. आज हँडब्रेकबद्दल, म्हणजे डीव्हीडीवरच्या व्हिडिओची साधी फाईल करून देणाऱ्या प्रोग्रामबद्दल, कारण घरातल्या बहुतेक डिस्क त्यातून काढून झाल्यात आणि माझं मत मधेच एकदा पूर्ण फिरलं.

डिस्क म्हणजे घरच्याच. लग्न, मुंजी, मंगळागौर, फोटोग्राफरने दिलेल्या डीव्हीडी. नाटकांच्या विकतच्या डिस्कवर कॉपी प्रोटेक्शन असतं, हँडब्रेक ते तोडत नाही, मीही त्या वाटेला गेले नाही. खरं तर हे काम बाहेरच देणार होते. दुकानदाराने एका डिस्कचे ३०० रुपये सांगितले, म्हटलं नमुन्याला एक करून बघू. पेनड्राइव्हवर फाईल आली, टीव्हीला लावली, मंगळागौरीची फुगडी सुरू झाली आणि वहिनीच्या हाताच्या कडेला आडव्या रेघाच रेघा. कंगवा फिरवल्यासारख्या. दुकानदाराचं म्हणणं, "जुनं शूटिंग आहे, असंच दिसणार."

साफ खोटं. आपल्याकडच्या पाल (इथल्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडीत ७२० बाय ५७६ चं चित्र असतं आणि कॅमेऱ्याने ते सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांत टिपलेलं असतं: एकदा सम ओळी, एकदा विषम. दोन्ही अर्धी एकावर एक ठेवून २५ पूर्ण चित्रं केली की स्थिर माणूस नीट दिसतो, पण हललेला हात दोन ठिकाणी असतो. तीच ती रेघ. डीइंटरलेस, म्हणजे या अर्ध्या चित्रांचा नीट मेळ घालणं, न करता लहान-मोठं करून एकदा एन्कोड केलं (नव्याने व्हिडिओ फाईल बनवली) की रेघा चित्रात शिजतात, मग काढता येत नाहीत. ३०० रुपये त्यात गेले.

हँडब्रेकमध्ये 'फास्ट ५७६पी२५' नावाचा प्रीसेट (तयार सेटिंग्जचा संच) आहे. त्यात डीकोम्ब (या रेघा काढणारा फिल्टर) आधीच चालू असतं. पहिले दोन-तीन महिने मी तोच वापरला, रेघा गायब, मी खूश. इथेच थांबले असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग एकदा मूळ डिस्क जुन्या डबा टीव्हीवर लावली. फुगडी किती सुळसुळीत! माझ्या फाईलमध्ये तीच फुगडी किंचित अडखळत होती. कारण सरळ आहे: त्या प्रीसेटच्या नावातच २५ आहे. ५० क्षणांपैकी निम्मे फेकून दिलेले. फिल्टर्समध्ये याडिफ (डीइंटरलेसचाच दुसरा फिल्टर) निवडून त्याचा प्रीसेट 'बॉब' (प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र) करा, आणि व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) स्वतः ५० निवडा. नुसतं बॉब करून भागत नाही, प्रीसेटमधली २५ ची मर्यादा तशीच राहते. आधीच्या सगळ्या फाईल पुन्हा केल्या. आकार वाढला, जुना लॅपटॉप रात्रभर घोंघावला, विजेच्या बिलावरून घरात टोमणे झाले. पण झिम्मा बघावा तर असा.

बाकीच्या सेटिंग्ज पटकन. एक्स२६४ (व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर), आरएफ १८ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितकी फाईल मोठी), वेग 'स्लो'. डीव्हीडीसाठी आरएफ १८ च्या खाली जाणं म्हणजे जागेची उधळपट्टी. आवाजाला पासथ्रू, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा. एनएलमीन्स हा डीनॉइज (चित्रातले दाणे पुसणारा) फिल्टर फार मोहात पाडतो. मीडियमवर ठेवला तर पैठणीच्या पदरावरचे मोर पुसले जातात आणि सगळ्या बायका मेणाच्या दिसतात. अल्ट्रालाइट, नाहीतर बंद.

वाचत नसलेल्या डिस्कसाठी हँडब्रेक कामाचं नाही. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे गच्च भरलेल्या डिस्कची बाहेरची कड खराब झाली की शेवटची पाठवणीच जाते. तिथे लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू. जे वाचता येईल ते आधी काढतं, राहिलेल्या जागांची नोंद ठेवतं, आणि तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेलं भरता येतं. डिस्कवर गणपतीचा कागदी स्टिकर चिकटवणाऱ्या फोटोग्राफरला माझा साष्टांग नमस्कार. डिस्कचा तोल जातो त्याने.

सासूबाई पेनड्राइव्हला हात लावत नाहीत, त्यांना डिस्कच हवी. इथे मात्र पुन्हा एन्कोड करू नका. डिस्कवरची मूळ व्हीओबी (व्हिडिओची) फाईल डीव्हीडीस्टायलर या डिस्क बनवायच्या प्रोग्राममध्ये टाका, व्हिडिओ फॉरमॅटला 'कॉपी' करा, चॅप्टर आणि मेनू लावा, झालं. गुणवत्ता जशीच्या तशी. ४.७ जीबीची डिस्क कॉम्प्युटरला ४.३७ दिसते, त्या हिशेबाने भरा. चॅप्टर कुठे घ्यायचे यावर सासूबाईंची मतं ठाम होती. जेवणावळ वेगळी हवी, कोण आलं नव्हतं ते कळतं.

आणि कपाटात व्हीसीडी निघाली तर हँडब्रेक उघडूच नका. ३५२ बाय २८८ चं एमपेग-१, ओळींचा घोळ त्यात नाहीच, आणि पुन्हा एन्कोड करून हाती काही लागत नाही. विंडोजवर एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाईल नुसती कॉपी करा, व्हीएलसीत चालते. फुकट.