एचएमएस त्रिंकोमालीचा लाकडी संच: आकार चोख, पण मुंबईचं नाव कुठंच नाही

कोल्हापुरात गंगावेशीत आमचं सुतारकामाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. चौकटी, देव्हारे, पलंग हे रोजचं काम. गेल्या वर्षी नातवानं हट्ट धरला म्हणून एका परदेशी कंपनीचा, जहाजाची लाकडी प्रतिकृती जोडायचा संच मागवला. एचएमएस त्रिंकोमाली, म्हणजे मुंबईत बांधलेली ब्रिटिश नौदलाची शिडाची युद्धनौका, १:६४ प्रमाणात. जकात धरून ३१ हजार रुपये पडले. दुकान बंद केल्यावर रोज रात्री दीड-दोन तास, असे नऊ महिने लागले. कुणी घ्यायच्या विचारात असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

आधी चांगलं ते सांगतो. आतल्या आडव्या फाळक्या लेसरनं इतक्या नेमक्या कापल्यात की रंधा लावावाच लागला नाही. तळाच्या कण्यात सगळ्या काटकोनात बसल्या. सांगाडा अठ्ठावीस इंच लांब झाला. मूळ जहाज सुमारे दीडशे फूट, म्हणजे हिशेब बरोबर. पितळेच्या तोफा सुबक आहेत, नकाशे मोठे आणि वाचायला सोपे आहेत. डोलकाठ्यांच्या दोऱ्यांची जाडी तीन प्रकारची दिली आहे, त्यामुळे दोरकाम नजरेला खरं वाटतं.

आता तक्रार. बाहेरच्या अंगाला लावायला आक्रोडाच्या पट्ट्या दिल्यात. आक्रोड वाईट नाही, पण हे जहाज सागाचं आहे! पेटीसोबत सेवाकाळाची आठ पानी पुस्तिका आहे. नातवानं ती वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाला, "आबा, यात मुंबईचं नावच नाही." पुस्तिका सुरूच होते १८४७ सालापासून.

खरी गोष्ट त्याआधीची आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी हे मुख्य बांधणीकार होते. इंग्लंडात ओक कमी पडू लागला होता, म्हणून मलबारच्या सागाची फ्रिगेट, म्हणजे वेगवान मध्यम युद्धनौका, बांधायचं ठरलं. आराखडे घेऊन येणारं 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं निकामी केलं आणि आराखडेही त्याच्याबरोबर गेले. दुसरे पाठवावे लागले. बांधणी १८१६ ला सुरू झाली. तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात कोरीव चांदीचा खिळा ठोकला होता. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. आपण चौकट उभी करताना उंबऱ्याखाली नाणं ठेवतो, त्यामुळे हा खिळा मला लगेच आपला वाटला. हुपरीच्या एका चांदी कारागिराकडून तांदळाच्या दाण्याएवढा खिळा करून घेतला आणि कण्यात बसवला. संचात त्याची सोय नाही, बारीक भोक स्वतःच पाडावं लागतं.

आक्रोडाच्या पट्ट्या मी बाजूला ठेवल्या. शुक्रवार पेठेतला एक वाडा पाडला तेव्हाची सागाची तुळई दुकानात पडून होती. उद्यमनगरात नेऊन तिच्या एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून आणल्या. कापताना तेलकट, कातड्यासारखा वास आला आणि बोटांना चिकटपणा लागला. त्या तुळईतून एक हातघडणीचा लोखंडी खिळा निघाला. वरची काळी पुटं पॉलिश पेपरनं घासली तर आत लोखंड शाबूत. ओकातलं आम्ल लोखंड खातं, सागातलं तेल ते जपतं, हे मी ऐकून होतो. तो खिळा तळहातावर घेतल्यावर मला हे जहाज कळलं. कारण त्रिंकोमालीची नोकरी वाचली तर लढण्यापेक्षा टिकून राहण्याचीच जास्त आहे.

मुंबईहून निघून १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचली. वाटेत जानेवारीत अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाला थांबली, तेव्हा नेपोलियन तिथंच कैदेत होता. त्याला तपासलेला एक शल्यवैद्य याच जहाजातून पुढे गेला. इंग्लंडात पोहोचल्यावर मात्र पंचवीस वर्षं राखीव म्हणून नुसती बांधून ठेवली. मग १८४५ ते ४७ मध्ये बदल करून ३८ तोफांच्या फ्रिगेटची २६ तोफांची कॉर्व्हेट (फ्रिगेटपेक्षा लहान दर्जाची युद्धनौका) केली आणि चौकोनी मागची बाजू गोलसर केली. १८४७ ते ५० उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज, १८५२ ते ५७ पॅसिफिक, त्यातच क्रिमियन युद्धाचा काळ. इंजिन कधीच नव्हतं, सगळं शिडांवर. पुढं प्रशिक्षण नौका झाली. १८९७ मध्ये भंगारात निघालेली एका हौशी माणसानं विकत घेतली आणि 'फूड्रॉयंट' नाव देऊन पुन्हा मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरली. ते काम १९८६ पर्यंत चाललं. मग इंग्लंडमधल्याच हार्टलपूल बंदरात नेऊन दुरुस्त केली, जुनं नाव परत दिलं. ब्रिटनमधली अजूनही तरंगणारी सगळ्यात जुनी युद्धनौका हीच आहे, आणि तिच्या अंगात मुंबईत बसवलेलं बरंच लाकूड आहे. 'जावा'ला हरवणारी कॉन्स्टिट्यूशनही अजून तरंगते आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

त्यामुळेच पेटीवर '१८१७' छापणं मला खटकतं. आतले भाग १८४७ नंतरचे आहेत: मागची बाजू गोल, तोफा २६. ज्याला १८१७ चं जहाज हवंय त्यानं हा संच घेऊ नये. मागचं अंग नव्यानं कोरावं लागेल आणि तोफा वेगळ्या आणाव्या लागतील. मी १८५२ चं जहाज म्हणूनच बांधलं. कंपनीला दोनदा लिहिलं, साल बदला आणि मुंबईचं निदान एक पान तरी द्या. उत्तर आलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी. पुढच्या टोकावरची पागोटेवाल्या माणसाची मूर्ती ओतीव धातूची आहे आणि चेहरा फार ढोबळ आहे. मी ती काढून सागाची कोरली. पागोट्याचे पेच दाखवायला सर्वात बारीक पटाशी लागली, एक संध्याकाळ गेली. आणि फळ्यांचं काम आपल्याकडे पावसाळ्यात करू नका. आषाढात बसवलेल्या डाव्या बाजूच्या पट्ट्या फुगलेल्या होत्या, दिवाळीनंतर त्यांच्यात केसाएवढ्या फटी पडल्या. उजवी बाजू कार्तिकात बसवली, ती अजून सांधा सोडत नाही. साग वापरणार असाल तर पट्टी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवून मगच वळवा, आणि चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा, नाहीतर तेलामुळे फेविकॉल धरत नाही.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा गुण पुस्तिकेचा कापला, एक लाकडाचा.