पार्ल्यातलं युनिसेक्स सलून: कट एक नंबर, पण रेटकार्ड आणि पगार बघून डोकं फिरलं

विलेपार्ले ईस्टला स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर हे सलून आहे. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की मालकाचा पहिला संशय तिथल्या मुलींवर जाणार आणि माझ्या रिव्ह्यूपायी कुणाची नोकरी जायला नको. तसंही अशी सलून्स मुंबईत गल्लोगल्ली आहेत, तुमच्या इथेही असेलच एखादं.

आधी चांगलं ते सांगते. जागा स्वच्छ, टॉवेल धुतलेले, वॅक्सच्या पट्ट्या वापरून टाकायच्या, आणि फेशियल घ्याच म्हणून कोणी मागे लागत नाही. रविवारी मात्र थांबावं लागतं. माझे केस एकदम छोटे असतात, बॉयकट, आणि जी मुलगी माझे केस कापते तिचा हात इतका सफाईदार आहे की दीड-दोन महिने शेप हलत नाही. एवढा चांगला कट मला मुंबईत दुसरीकडे मिळालेला नाही हे अगदी मनापासून सांगते.

आता रेटकार्ड. जेन्ट्स हेअरकट 300, लेडीज हेअरकट 700. माझे आणि माझ्या नवऱ्याचे केस जवळजवळ सारख्याच लांबीचे, खुर्ची तीच, मशीन तेच, वेळ तेवढाच, कापणारी मुलगीसुद्धा तीच, आणि बिल माझं दुपटीहून जास्त. काउंटरवर विचारलं तर म्हणे, मॅडम, लेडीज हेअरला टाइम लागतो. अहो मग लांबीप्रमाणे रेट लावा ना! कलरला लावलेत की शॉर्ट, मीडियम, लाँग असे वेगवेगळे, म्हणजे जमत नाही असं नाही, फक्त कटिंगला बाई आहे एवढंच बघायचं.

पण माझं खरं डोकं फिरलं ते पगाराचं कळल्यावर. या मुलीशी आता चांगली ओळख झालीय, मला ताई म्हणते, केस कापता कापता बोलते. तिच्यासोबतच एक मुलगा लागला, दोघांचा कोर्स सारखाच, दोघंही जेन्ट्स-लेडीज दोन्ही कट करतात, कलर करतात. पण तो कागदावर ‘स्टायलिस्ट’ आणि ही ‘ब्यूटिशियन’, आणि दोघांच्या पगारात महिन्याला सहा हजारांचा फरक. वर हिला थ्रेडिंग-वॅक्सिंगही करावं लागतं, म्हणजे काम जास्तच. आणि इन्सेंटिव्ह फक्त हेअर सर्व्हिसवर, वॅक्सिंगवर शून्य, त्यामुळे दुपारभर ती आतल्या खोलीत वॅक्सिंग करत असते तेव्हा बाहेरचा सगळा इन्सेंटिव्ह मुलांना. त्यातही पूर्ण कलर हिने करायचा आणि शेवटचा ब्लो ड्राय सीनियरने केला की बिल सीनियरच्या नावावर फाडायचं, असंही होतं.

मी स्वतः पेरोलचं काम करते, दोन-तीन छोट्या ऑफिसचे पगार माझ्या हातून जातात, त्यामुळे हे हुद्द्याचं नाव बदलून पगार कमी ठेवणं मला नवीन नाही. मॅनेजरशी बोलले, त्या मुलीचं नाव न घेता, तुमच्याकडे मुलामुलींना सारखा पगार का नाही असं सरळच विचारलं. उत्तरं काय तर मुली लग्न करून जातात, मुलं रात्री उशिरापर्यंत थांबतात, आणि लेडीज सेक्शनचं काम वेगळं. उशिरा थांबण्याचे पैसे वेगळे द्या, कोणाची हरकत नाही, पण मूळ पगार त्यासाठी कमी कसा? आणि लग्नाचं म्हणाल तर ती अजून आहे, तिच्यासोबत काम करणारी दोन मुलं केव्हाच नोकरी सोडून गेली.

‘काम वेगळं’ हे कारण तर आपल्या मुंबईतूनच सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन हरलेलं आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा म्हणून स्टेनोग्राफर होत्या, तिथे लेडी स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता आणि कंपनीचं म्हणणं की या साहेबांच्या कॉन्फिडेन्शियल स्टेनो, ही कॅटेगरीच वेगळी. 1987 साली कोर्टाने सांगितलं की नाव काय दिलंय ते नाही, प्रत्यक्ष काम काय करतात ते बघायचं, किरकोळ फरक धरायचे नाहीत, आणि कंपनीला परवडत नाही हे कारणसुद्धा चालणार नाही. तो निकाल 1976 च्या समान वेतन कायद्यावर होता. आता तो कायदा वेतन संहितेत, म्हणजे पगाराबद्दलच्या नव्या एकत्रित कायद्यात, आलाय, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, आणि सलूनलाही लागू आहे. अजून एक, पगार सारखे करायचे म्हणून मुलांचे कमी करायचे नाहीत, मुलींचे वाढवायचे, हेही कायद्यातच आहे. मुलांना यात घाबरायचं काही कारण नाही.

मॅनेजर म्हणाला, मॅडम, सेम पैसे कुठेच नसतात. भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, मी म्हटलं भारताच्या पुरुष आणि महिला क्रिकेटपटूंची तरी मॅच फी 2022 पासून सारखी आहे, टेस्टला 15 लाख, वनडेला 6 लाख, मग कट केल्याचे पैसे सारखे द्यायला काय अडचण आहे? तो गप्प बसला, मालकांशी बोलतो म्हणाला, पण पुढे काही झालं नाही.

म्हणजे हिशोब असा की बाई गिऱ्हाईक म्हणून आली की जास्त घ्यायचे आणि बाई कामाला आली की कमी द्यायचे, त्याच दुकानात, त्याच खुर्चीपाशी. याचा मला फार राग येतो. मी त्या मुलीला बीकेसीच्या कामगार भवनाबद्दल, म्हणजे कामगार आयुक्तांच्या ऑफिसबद्दल, सांगितलं, तर म्हणाली, ताई, तक्रार केली तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, आणि घरभाडं तर दर महिन्याला द्यायचंच आहे. तिला मी काय बोलणार, तिच्या जागी ती बरोबरच आहे. पण आपल्याला, गिऱ्हाइकांना, कोण कामावरून काढणार आहे? आपण विचारूच शकतो ना.

रेटिंग: कामाला पाच स्टार, ते त्या मुलीचे. मालकाला एक.

अशा कुठल्याही सलूनमध्ये गेलात तर लांबीप्रमाणे रेट मागा, आणि पैसे द्यायच्या आधी बिल वाचा. जिने काम केलं तिचंच नाव बिलावर आहे ना बघा, नसेल तर काउंटरवर बदलून घ्या, कारण इन्सेंटिव्ह बिलावरच्या नावाला मिळतो. टिप द्यायची तर तिच्या हातात द्या, काउंटरच्या डब्यात नको.