पर्मनंट, मुदतीवर की ठेकेदारामार्फत? लहान कारखानदाराने निवडताना

समजा, भोसरीत किंवा सातपूरला तुमचं पस्तीस माणसांचं, पत्र्याचे भाग बनवणाऱ्या प्रेसचं युनिट आहे. नवी ऑर्डर मिळाली आहे, आणखी दहा ऑपरेटर हवेत. थेट पर्मनंट घ्यायचे, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर घ्यायचे, की लेबर काँट्रॅक्टरकडून? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुनी उत्तरं एकदा तपासून घ्यावी लागतील.

ठेकेदाराकडे बहुतेक जण स्वस्त पडेल म्हणून जातात. म्हणून आधी हिशेब मांडू. महिना १८,००० वेतनाचा कामगार रोलवर घेतला, तर १५,०००च्या मर्यादेवर पीएफचे मालकाचे १२ टक्के, वर विमा आणि प्रशासन खर्च धरून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये होतात. ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) ३.२५ टक्के म्हणजे ५८५. एकूण २०,५३५, बोनस, रजा आणि ग्रॅच्युइटी वेगळी. आता हाच माणूस ठेकेदाराकडून घ्या. कायद्याने त्यालाही हेच सगळं भरावं लागतं, त्यावर त्याचं सेवाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळेल, सेवाशुल्काचं कुठून मिळणार? मग ठेकेदाराचा दर तुमच्या हिशेबापेक्षा कमी येत असेल, तर फरक कामगाराच्याच खिशातून जातो आहे: पीएफ कमी पगारावर, ओव्हरटाइम साध्या दराने, बोनस कागदावरच.

आणि ते प्रकरण उघडलं की वसुली तुमच्या दारात येते. पीएफ कायदा ठेकेदारामार्फत आलेल्या माणसाला तुमच्या आस्थापनेचाच कर्मचारी मानतो. ईएसआयची वर्गणी आधी मुख्य मालकाने, म्हणजे ज्याच्या युनिटमध्ये काम चालतं त्याने, भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, ही रीत जुनीच आहे. नव्या वेतन संहितेतही ठेकेदाराने पगार बुडवला, तर आस्थापनेच्या मालकाला तो द्यावा लागतो. म्हणून ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआय भरल्याचं चलन, त्यातली नावं आणि बँकेतून पगार गेल्याचा पुरावा मागा. नुसत्या चलनावर विश्वास ठेवू नका, त्यात तुमच्याकडच्या माणसांची नावं आहेत का ते बघा. ज्या ठेकेदाराला हे दाखवायला जड जातं, त्याच्याकडून माणसं घेऊ नयेत.

५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असले की ठेकेदाराला परवाना लागतो. त्या आकड्याला पोचलात की मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणूस लावण्याला बंदी आहे. काम अचानक वाढणं वगैरे मोजके अपवाद आहेत. साफसफाई, बागकाम, कँटीन ही कामं साधारणपणे मुख्य कामात धरत नाहीत, आणि ठेका खरा शोभतो तो तिथेच. हमाली आणि सुरक्षारक्षक यांसाठी मात्र महाराष्ट्रात १९६९चा माथाडी कायदा आणि १९८१चा खासगी सुरक्षारक्षक कायदा आहे. संबंधित मंडळाकडे चौकशी केल्याशिवाय ही माणसं परस्पर लावू नका.

पन्नासच्या आत असलात तरी एक धोका उरतोच. हजेरी तुमचा सुपरवायझर घेतो, काम तोच सांगतो, रजा तोच देतो आणि ठेकेदार फक्त बिल पाठवतो, अशी व्यवस्था असेल तर ठेका नावापुरता ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात हे स्पष्ट केलं: ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप मालकाचे होत नाहीत, पण ठेका दिखाऊ असेल तर ते मालकाचेच.

मला स्वतःला अशा ऑर्डरसाठी मुदतीची नेमणूक सर्वांत प्रामाणिक वाटते. औद्योगिक संबंध संहितेत तिला स्पष्ट जागा आहे. नेमणूकपत्र लेखी, मुदत लिहिलेली. तेच काम करणाऱ्या पर्मनंट कामगाराइतकंच वेतन, तेवढेच तास आणि भत्ते. मुदत संपली की ती कामगारकपात धरली जात नाही, त्यामुळे कपातीची भरपाई लागत नाही. एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी मात्र द्यावी लागते; पर्मनंटला त्यासाठी पाच वर्षं लागतात. सगळे १८,००० वेतनात धरले, तर पंधरा दिवसांच्या हिशेबाने वर्षाचे साधारण १०,३८५ रुपये होतात. ते ऑर्डरच्या दरात पहिल्या दिवसापासून धरा.

पण सात-आठ महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन तीच माणसं वर्षानुवर्षं फिरवत ठेवायची, हा आपल्या औद्योगिक पट्ट्यातला जुना रिवाज मुदतीच्या नावाखाली चालवू नका. पर्मनंटचे फायदे टाळण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यातही ती होती, संहितेतही आहे. शिवाय प्रेसची डाय (साचा) सेट करायला शिकलेला माणूस दर आठ महिन्यांनी गमावणं कोणत्याही युनिटला परवडत नाही.

पर्मनंटबद्दल फार लिहायची गरज नाही. काम बारमाही असेल आणि हात तयार व्हायला वेळ लागत असेल, तर रोलवरच घ्या. कपातीची वेळ आलीच, तर वर्षभर सलग नोकरी झालेल्याला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, हा खर्च आधीच माहीत असतो.

तुमच्या दहा ऑपरेटरांपैकी ऑर्डर संपल्यावरही लागणारे तीन-चार आजच पर्मनंट करा, बाकीच्यांना ऑर्डरच्या मुदतीचं पत्र द्या, ठेकेदाराकडे फक्त सफाई ठेवा. कोणताही मार्ग घेतलात, तरी नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी हातात द्या आणि माणूस सोडून जाईल तेव्हा त्याचं राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करा.