पांढऱ्या गाडीवरचं डांबर : टार रिमूव्हर नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या गणपतीला पनवेलहून संगमेश्वरला निघालो तेव्हा महामार्गावर जागोजागी खड्डे बुजवायची घाई चालली होती. पाऊस उघडला होता, ऊन चांगलं होतं आणि खडीवर मारलेलं डांबर अजून ओलंच होतं. गावी पोचल्यावर गाडी धुतली. लाल चिखल पाण्याबरोबर गेला, पण चाकांच्या मागे, दरवाजांच्या खालच्या पट्ट्यावर आणि मागच्या बंपरवर तिळाएवढे काळे ठिपके तसेच. शंभराच्या वर असतील. शाम्पूने हलेनात, नखाने खरवडलं तर कड निघायची आणि मधला भाग चिकटून राहायचा. गाडी पांढरी, त्यामुळे ते जास्तच डोळ्यांत खुपत होते.

वडील म्हणाले, "अरे, रॉकेलचा बोळा फिरव, निघेल." आणि निघालं खरंच. रस्त्याचं डांबर म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना तळाला उरणारा भाग; रॉकेल, डिझेल त्याच घरातले, म्हणून त्यांत ते विरघळतं. माझं चुकलं ते घासण्यात. त्या ठिपक्यात खडीची बारीक कच असते. डांबर मऊ व्हायच्या आत जोर लावला की ती कच रंगावरून फिरते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसले. पोटात गोळाच आला. शिवाय रॉकेलचा तेलकटपणा राहिला होता, त्यावर परतीच्या वाटेत सगळी धूळ बसली.

पनवेलला आल्यावर उरलेले ठिपके काढायला गाडी एका वॉशिंग सेंटरवर दिली. तिथल्या पोराने मला न विचारता मागच्या बंपरवर थिनर लावला. तो बंपर आधी एकदा रंगवून घेतलेला होता. थिनरने तळहाताएवढी जागा कायमची मंद झाली, आजही तशीच आहे. गाडी धुवायला देताना "थिनर लावू नका" हे आधीच बजावून सांगा, अगदी ओळखीचा माणूस असला तरी.

त्यानंतर मी टार रिमूव्हरची, म्हणजे डांबर विरघळवणाऱ्या औषधाची, 500 मिलीची बाटली घेतली. दिवाळीत, शिमग्याला आणि आता मे महिन्यात गावाहून आल्यावर, शिवाय मधे दोन-तीनदा किरकोळ, असं वापरून झालंय. बाटलीत अजून चार बोटं औषध शिल्लक आहे.

आधी गाडी पाण्याने आणि शाम्पूने नीट धुवायची, म्हणजे सुटी माती जाते. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर औषध काम करायच्या आधीच उडून जातं. मग एका वेळी एकच भाग घ्यायचा, ठिपक्यांवर फवारायचं आणि दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. हीच खरी किल्ली आहे. बघत बसलं की प्रत्येक काळ्या ठिपक्यातून आधी तपकिरी कड सुटते, मग काढ्यासारखा एक ओघळ खाली उतरायला लागतो. कधी कधी ठिपका स्वतःच घसरून पट्टीपर्यंत येतो. तेव्हा मायक्रोफायबर कापड नुसतं टेकवून उचलायचं. जोर शून्य. प्रत्येक वेळी कापडाची घडी बदलायची, नाहीतर उचललेलीच कच पुढच्या जागी घासली जाते. जुन्या, वाळलेल्या ठिपक्यांना दोनदा, क्वचित तीनदा फवारावं लागतं. शिमग्याहून आल्यावर आळसाने पंधरा दिवस गेले, तेव्हा प्रत्येकाला तीन फवारे लागले. आठवड्याच्या आत काढलं तर एकात काम होतं.

शेवटी तो भाग पुन्हा शाम्पूने धुवायचा आणि वॅक्स लावायचं. हे टाळू नका. हे औषध डांबराबरोबर वॅक्सही काढून नेतं. दिवाळीनंतर मी वॅक्स लावलं नव्हतं, तर तेवढ्या पट्ट्यावर पाण्याचे थेंब गोळा व्हायचे थांबले आणि घाण लवकर धरायला लागली. वरचा पारदर्शक लॅकरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. त्याला जपण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

हेडलाइटवर, रबरी बीडिंगवर आणि बिनरंगाच्या काळ्या प्लॅस्टिकवर मी हे मारत नाही. हेडलाइटचं प्लॅस्टिक अशा द्रावणांनी धुरकट होऊ शकतं, बारीक चिरा जाऊ शकतात. नव्याने रंगवलेल्या भागावर तर मुळीच नको.

हे औषध सगळ्या डागांवरचा उपाय नाही, हेही सांगतो. ब्रेकच्या लोखंडी भुकटीचे नारिंगी ठिपके याने हलत नाहीत. त्यांना वेगळं आयर्न रिमूव्हर लागतं, ते लावल्यावर जांभळं होतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही जसेच्या तसे राहतात. डांबर गेल्यावरही हाताला खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, तोही भरपूर शाम्पूच्या पाण्यात भिजवून, हलक्या हाताने. वासही उग्र आहे. दारं-खिडक्या बंद असलेल्या गॅरेजमध्ये करू नका, हातमोजे घाला आणि जवळ विडी-सिगारेट पेटवू देऊ नका. पेट्रोलने डांबर निघतं म्हणून पेट्रोल वापरणारे मी पाहिलेत. ते भडकण्याच्या धोक्यामुळे मी घरात आणतही नाही.

एप्रिलमध्ये चारही चाकांना रुंद मडफ्लॅप लावून घेतले. मे महिन्यात गावाहून परत आल्यावर दरवाजांवरचे ठिपके मोजले, उजवीकडे नऊ आणि डावीकडे चौदा. अर्ध्या तासात सगळे निघाले.